व्हिक चेस्नट ऐकायचा तर कीव बाजूला ठेवा

ज्यांना गाण्यातून "प्रेरणा" पाहिजे असते त्यांनी व्हिक चेस्नटच्या वाटेला जाऊ नये, आधीच सांगतो. अमेरिकेतल्या जॉर्जियातला गायक-गीतकार, १९८३ मध्ये अठराव्या वर्षी दारू पिऊन गाडी ठोकली, तेव्हापासून व्हीलचेअर. बोटं पण धड चालेनात, म्हणून गिटारवर सोपेच कॉर्ड, संथ वाजवायचं, मधे मोकळं सोडायचं, आणि त्या मोकळ्यात शब्द असे अंगावर येतात की काय सांगू. आर.ई.एम. या रॉक बँडचा गायक मायकल स्टाइप त्याला जॉर्जियातल्याच अथेन्स गावात ऐकून इतका भारावला की लिटल (१९९०) आणि वेस्ट ऑफ रोम (१९९१) हे पहिले दोन्ही अल्बम त्यानेच प्रोड्यूस केले.

गडी स्वतःला अजिबात सोडत नाही. मी भित्रा, मी चिडका, मी नालायक, सगळं गाण्यात, आणि वर स्वतःच खिदळणार! आपल्याला हे नवीन नाही म्हणा, पंढरपूर हाकेवर, स्वतःचे दोष विठ्ठलापुढे मांडणारे अभंग लहानपणापासून कानावर आहेत. पण चेस्नट पक्का नास्तिक, मग माफी कोण देणार?

आपल्याकडे सोलापुरात एका कार्यक्रमात व्हीलचेअरवरचा पोरगा गाणार होता, स्टेजला रॅम्प नाही, चौघांनी उचलून वर नेला आणि निवेदक सुरू, देवाने एक नेलं पण दुसरं दिलं वगैरे, टाळ्यांचा कडकडाट, पोराने अजून सा पण लावला नव्हता बे! माढ्याकडच्या लऊळच्या, हातपाय नसलेल्या संत कुर्मदासाचं पण तेच, तो कसा सरपटत आला यावर अर्धं कीर्तन, त्याच्या मनात काय चाललं होतं ते कोण सांगतंय.

चेस्नटला तर हॉस्पिटलच्या बिलांनी पिडलं. १९९६ मध्ये मॅडोनासकट बड्या बड्यांनी त्याची गाणी गायली, आजारी कलाकारांच्या मदतनिधीसाठी, आणि २००९ ला त्याच्याच डोक्यावर उपचारांचं हजारो डॉलरचं देणं. त्याच वर्षी ॲट द कट या अल्बममध्ये त्याने मरणाला उद्देशून गाणं केलं, आयुष्यभर तुझ्या मागे लागलो पण अजून माझी तयारी नाही, अशा अर्थाचं. डिसेंबरात नाताळच्या दिवशी त्याने जीव दिला, वय ४५. लोक लगेच दोन्ही जोडून "त्याला आधीच कळलं होतं" करतात. मला नाही पटत, ते गाणं नकाराचंच आहे, नीट ऐका की. आणि बिलांचं काय, त्यावर कोणी बोलत नाही.

सुरुवात वेस्ट ऑफ रोमपासून करा. आवाज आधी खटकेल, शब्द ओढत ओढत गातो, चालू द्या. आणि बाईकवर एक इअरफोन कानात घालून नको राव, घरी बसून ऐका.