वॉरंटीवाल्यांनो, आधी ती फळी बघा

सकाळी एकाने हेलसिंकीतल्या पू-कॅप्युला या लाकडी घरांच्या वसाहतीचे फोटो टाकले. (पू म्हणजे फिनिशमध्ये लाकूड. हसून झालं असेल तर पुढे वाचा.) खाली पहिलीच कमेंट, "एवढा श्रीमंत देश, आणि ही लाकडी खुराडी अजून ठेवलीत? पाडा आणि टॉवर बांधा." दुसरे गृहस्थ जास्त समजूतदार, "निदान चांगला प्लास्टिक पेंट तरी मारा, दहा वर्षं वॉरंटी मिळते."

या वॉरंटीवाल्यांसाठी एक फळी आहे. तिथल्याच एका अंगणातल्या लाकूडफाट्याच्या शेडची, उत्तरेकडच्या भिंतीची. कुणीतरी तिच्यावर प्लास्टिक पेंटचे तीन हात मारलेले. वरून चकचकीत. स्क्रूड्रायव्हर टोचला तर भिजलेल्या पावात जावा तसा मुठीपर्यंत आत.

टॉवरवाले, तुमच्या आधी हे खुद्द हेलसिंकीवाल्यांच्याच डोक्यात आलं होतं. 1918 च्या यादवीनंतर शहरात कामगारांना राहायला जागा नव्हती. म्हणून 1920 ते 1925 मध्ये ही वसाहत उभी राहिली. आखणी बिर्गर ब्रुनिला आणि ओट्टो-ईवारी मेउरमान यांची, घरं मार्त्ती वॅलिकांगासची. ओंडके ठरावीक मापात आधीच कापून आणायचे आणि जागेवर रचायचे. घरं रस्त्याच्या कडेला, मधे मोठं अंगण, त्यात बटाट्याचे वाफे आणि सफरचंदाची झाडं. 1960 च्या दशकात हेच सगळं पाडून नव्या इमारती बांधायचं घाटत होतं. रहिवासी आणि वास्तुविशारद भांडले, म्हणून 1971 च्या आराखड्यात घरं वाचली. कामगारांसाठी बांधलेल्या घरांकडे आज पैसेवाले डोळे लावून बसलेत, हे मान्य. वरच्या मजल्यावरची पावलं खाली ऐकू येतात, हेही मान्य. पुढे.

आता रंग. फिनलंडमधला पारंपरिक तांबडा रंग म्हणजे आपला गेरूच, फक्त शिजवलेला. पाणी 50 लिटर, हिराकस (म्हणजे लोहाचं सल्फेट) 2 किलो, रायचं पीठ साडेतीन किलो, गेरू 8 किलो. (राय हे धान्य आहे, फोडणीतली राई नव्हे. तो प्रयोग कृपया करू नका.) 35-40 लिटर पाणी उकळून त्यात हिराकस विरघळवायचं. मग पीठ थोडं थोडं, सतत ढवळत. एकदम ओतलंत की गुठळ्या, आणि त्या ब्रशमधून भिंतीवर जातात. पाव तास उकळू द्या, पातळ खळ तयार होते. मग गेरू घालून पुन्हा पाव तास. शेवटी उरलेलं पाणी. शिजवायला कंटाळलात तर रंग भिंतीवर धरत नाही, पुसला की हाताला येतो. आणि दोन-तीन दिवसांत संपवा, शेवटी पिठाचीच खळ ती, आंबते. लावतानाही भांडं ढवळत राहायचं, गेरू तळाशी बसतो.

फळी खरखरीत हवी, करवतीतून निघाली तशी. रंधा मारलेल्या गुळगुळीत लाकडावर हा रंग टिकत नाही. तेलाच्या किंवा प्लास्टिकच्या रंगावर तर नाहीच नाही, तो आधी लाकडापर्यंत खरवडावा लागतो. भर उन्हात लावू नका.

हा रंग पापुद्रे धरत नाही, भुकटी होऊन हळूहळू झिजतो. म्हणून पुढच्या वेळी कोरडा ताठ ब्रश फिरवायचा आणि पुन्हा लावायचा, बस्स. त्या फळीत काय झालं? प्लास्टिकचा पापुद्रा जोडाशी तडकला, पाणी फळीच्या कापलेल्या टोकातून आत शिरलं आणि बाहेर पडायला वाट नव्हती. लाकूड भिजल्याने कुजत नाही हो, वाळायला न मिळाल्याने कुजतं!

आवाज चढला, कळतंय. पण पापुद्र्याचं दुखणं भिंतीपुरतं, खालच्या ओंडक्याचं अख्ख्या घराचं. फुलांच्या हौसेने माती जोत्याच्या वर चढवली, किंवा जोत्यातली हवेची भोकं हिवाळ्यात बुजवून उन्हाळ्यात उघडायला विसरलं, की सगळ्यात खालचा ओंडका जातो. तो बदलण्याला फिनिशमध्ये 'केंगित्युस' म्हणतात, घराला पायताण घालणं. किती गोड शब्द आहे! जॅक लावून घर थोडं थोडं उचलायचं, कुजका भाग कापायचा, वाळलेला नवा ओंडका बसवायचा, दगड आणि लाकूड यांच्यामध्ये बर्चची साल किंवा डांबरी फेल्ट. घाई केली तर खिडक्या अडकतात. धुराड्याला स्वतःचा पाया असतो, ते घराबरोबर उठत नाही. हे विसरणाऱ्याचं छत गळतं.

शंभर वर्षांच्या घराला हे करता येतं. टॉवरचा खालचा मजला बदलून दाखवा.

आणि हो, त्या फळीच्या शेजारची फळी गेरूची होती. तेच शेड, तोच पाऊस. स्क्रूड्रायव्हर दोन मिलिमीटर गेला आणि थांबला.