आप्पा, केळीशी माझं भांडण नाही

आप्पा, माझ्या क्रिएटिनवरच्या पोस्टखालची तुमची कमेंट दोनदा वाचली. केळी-दूध आणि कळण्याच्या भाकरीवर आम्ही पंधरा वर्षं कबड्डी खेळलो, तुम्ही पोरांना पावडरच्या डब्याच्या नादी लावताय, क्रिएटिन म्हणजे स्टेरॉइडच आणि त्याने किडनी जाते, आणि खायच्या सोड्याचा सल्ला तर चुकीचाच, असं तुमचं म्हणणं. अर्धं पटलं, अर्ध्यावर भांडतो.

स्टेरॉइड नाही हो ते. क्रिएटिन आपलं शरीर स्वतः बनवतं, मटण-मासळीतून पण मिळतं, डोपिंगच्या बंदी यादीत नाही. आता तुमच्याच खेळाचं घ्या. रेड 30 सेकंदांची, पण सगळा जीव लागतो तो पाय मारून मध्यरेषेकडे सुटतानाच्या पाच-सात सेकंदांत, तेव्हा स्नायू फॉस्फोक्रिएटिन, म्हणजे क्रिएटिनपासून बनलेलं झटपट इंधन, जाळतात आणि तो साठा जेमतेम 10 सेकंद पुरतो. मग रेडर कमरेवर हात ठेवून धापा टाकतो ना, तेव्हा साठा परत भरत असतो, अर्धा भरायला अर्धा मिनिट, जवळपास पूर्ण भरायला 3 ते 5 मिनिटं, आणि तेवढ्यात कॅप्टन पुन्हा त्यालाच पाठवतो! क्रिएटिनने हा साठाच थोडा वाढतो. पहिल्या रेडला काही कळणार नाही, सातव्या-आठव्याला पाय जरा कमी जड होतात, बस एवढंच. चमत्कार नाही.

केळीचं काम वेगळं. रावेर-यावलची केळी मॅचआधी मी पण खातो, कार्बोहायड्रेट स्वस्तात मिळतं, पण त्यात क्रिएटिन नाही आणि दुधात नावालाच. किलोभर कच्च्या मटणात साधारण 4-5 ग्रॅम, आणि रोजचा डोस 3 ते 5 ग्रॅम, म्हणजे रोज किलोभर मटण, कोणाला परवडतं? आमच्या टीममधली निम्मी पोरं माळकरी घरातली, त्यांच्या स्नायूंत साठा मुळातच कमी असतो, म्हणून त्यांना फरक जास्त पडू शकतो.

किडनीचं म्हणाल तर धडधाकट माणसाला या डोसने त्रास होतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये क्रिएटिनिन (किडनी तपासायला मोजतात ते) थोडं वर दिसू शकतं, डॉक्टरला आधीच सांगायचं. ज्याला किडनीचा आजार आहे त्याने मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय हात लावू नये, हे मी लिहायला हवं होतं. चूक माझी.

आणि सोड्याचं तर तुम्ही शंभर टक्के बरोबर. "खायचा सोडा पण चालतो" असं मी पोस्टमध्ये एका ओळीत उरकलं होतं. चालतो, स्नायूतलं अ‍ॅसिड आवरायला मदत होते, पण डोस आहे वजनाच्या किलोमागे 0.3 ग्रॅम. माझं वजन 70, म्हणजे 21 ग्रॅम, चहाचे चार चमचे भरून तांब्यात ढवळला आणि मॅचच्या तासभर आधी घटाघट प्यायलो. वॉर्मअपलाच पोटात कालवाकालव सुरू झाली. पोरं विचारताय "काय झालं भो?" आणि मी मैदानामागे तुरीच्या शेताकडे पळतोय. पहिला हाफ बाहेरूनच पाहिला. ती ओळ आज काढून टाकली.

अजून एक, क्रिएटिन सुरू केल्यावर पहिल्या आठवड्यात वजन किलोभर वाढू शकतं, पाण्याचं. तुमचा नातू वजनगटात खेळतो म्हणालात, तो काठावर असेल तर स्पर्धा होईपर्यंत त्याला केळीच द्या.