सम कुठंय, मास्तर?

स्पेनमधल्या सेवियात कुणालाही सांगा की आपण भारतातले, समोरचा माणूस लगेच खूश होऊन म्हणतो, मग काय, फ्लामेंको तुझ्या रक्तातच आहे! फ्लामेंको म्हणजे इथलं गाणं, गिटार आणि नाच, सगळं मिळून. फळवाल्यापासून ऑफिसातल्या एचआरपर्यंत सगळ्यांचं हेच. कारण इथले हितानो, म्हणजे जिप्सी लोक, मूळचे वायव्य भारतातले, पिढ्यानपिढ्या सरकत सरकत पंधराव्या शतकात स्पेनमध्ये पोचले. खरंय ते. पण ते निघाले हजारेक वर्षांपूर्वी आणि त्यांचा रस्ता काही सोलापूरवरून जात नव्हता, हे कुणाकुणाला समजावत बसणार? मी सोलापूरचा. माझ्या रक्तात असलीच तर शेंगाचटणी आहे.

तरी हरभऱ्याच्या झाडावर चढवलं की माणूस चढतोच. लहानपणी पेटीवर प्रवेशिकापर्यंत गेलेलो, कॉलेजात यूट्यूब बघून गिटारवर चार गाणी बसवलेली, आणि युनेस्कोने २०१० मध्ये फ्लामेंकोला अख्ख्या मानवजातीचा वारसा म्हटलंय, तर मानवजातीत आपणही येतो की, असं म्हणून मी त्रियानातल्या एका फ्लामेंको गिटारच्या क्लासला नाव घातलं. त्रियाना म्हणजे नदीपलीकडचा भाग. पूर्वी तिथे लोहारकाम करणारे हितानो राहायचे. लोहारांच्या गाण्यांत मार्तिनेते नावाचा एक प्रकार आहे, त्यात साथीला ऐरणीवर हातोडा चालतो, गिटार नसतेच. तेच शिकायला घेतलं असतं तर निदान नखं वाचली असती. नखांचं पुढे सांगतो.

पहिल्या दिवशी मास्तरांनी चार कॉर्ड दिल्या. ए मायनर, जी, एफ, ई. वरून खाली उतरत यायचं, बस. मला वाटलं एवढंच? ई वाजवून झाल्यावर मी सवयीने परत ए मायनरकडे निघालो, कारण ई वाजली की कान ए मायनरची वाट बघतात हे यूट्यूबवर शिकलेल्या माणसालाही माहीत असतं. मास्तरांनी मनगट धरलं. म्हणाले, कुठे चाललास? घर इथेच आहे. म्हणजे ई हेच घर, आणि आयुष्यभर मी ज्याला घर समजत होतो ते ए मायनर म्हणजे नुसता वरचा जिना. आता हे डोक्याला पटतं पण कानाला पटत नाही, कान आपला प्रत्येक वेळी दारात चपला घालून उभा.

मग एका रात्री भांडी घासताना ट्यूब पेटली की अरे, ई ला सा धरून बघ. धरला. रे कोमल, ग कोमल, ध कोमल, नी कोमल. भैरवी! एफ वरून ई वर येणं म्हणजे कोमल रिषभावरून षड्जावर टेकणं, हे तर आपण मैफिलीच्या शेवटी कितीदा ऐकलंय. मी आनंदाने ओल्या हातानेच गिटार घेतली. आणि ई ची कॉर्ड वाजवली तर तिच्यात गंधार शुद्ध. म्हणजे वर गाणारा उतरताना कोमल गंधार लावतोय आणि खाली गिटारीत शुद्ध गंधार ठाण मांडून बसलाय, दोघांचं एकमेकांशी काही देणंघेणं नाही. मास्तरांना विचारलं हे कसं चालतं, तर म्हणाले, चालतं. आमच्या पेटीच्या सरांनी छडी काढली असती.

बरं, एफ तरी नीट वाजवावी, तर तिथेही तेच. एफ वाजवताना वरची पातळ तार मोकळी सोडायची, म्हणजे कॉर्डमध्ये थोडी खसखस राहते आणि तीच त्यांना हवी असते. मी सगळ्या तारा व्यवस्थित दाबून वाजवली. मास्तर म्हणाले, फार स्वच्छ वाजतंय. मी थँक्यू म्हटलं. ती तक्रार होती.

एक गोष्ट मात्र मला लगेच कळली आणि वर्गात माझी किंमत दोन दिवस वाढली. इथे गिटारवाले स्वराची पट्टी सांगतच नाहीत. ई वरून वाजवायचं तर ‘पोर अरिबा’, ए वरून वाजवायचं, म्हणजे डी मायनर, सी, बी फ्लॅट, ए असं उतरायचं, तर ‘पोर मेदिओ’, आणि मग गाणाऱ्याच्या गळ्याप्रमाणे गिटारच्या मानेवर चिमटा सरकवायचा, त्याला सेहिया म्हणतात. गाणारा नुसतं म्हणतो, मेदिओ, तीनवर. बाकीचे परदेशी विद्यार्थी वहीत गणितं करत बसले. आपल्याकडे गवई काळी दोन, पांढरी चार सांगून मोकळा होतो त्यातलाच प्रकार, मला काय अवघड. पण ही सुखाची झुळूक तिथेच संपली, कारण मग कोम्पास आला.

कोम्पास म्हणजे ताल, पण नुसता ताल म्हटलं तर इथले लोक दुखावतात. सोलेआ हा फ्लामेंकोतला एक संथ प्रकार, बारा मात्रांचा. बारा म्हटल्यावर मी उत्साहाने पुण्यातल्या तबल्यावाल्या मित्राला फोन लावला.

‘अरे मग एकतालच की! धिं धिं धागे तिरकिट. टाळ्या एक, पाच, नऊ, अकरा. खाली तीन आणि सात.’

‘इथे जोर तीन, सहा, आठ, दहा आणि बारावर आहे.’

तिकडे शांतता.

‘आणि सम?’

‘तेच तर तुला विचारतोय ना बाबा.’

‘सम नाही असं कसं असेल? नीट विचार त्यांना.’

विचारलं. आधी सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, जिथे सगळे येऊन टेकतात, ही काय भानगड आहे हे मोडक्या स्पॅनिशमध्ये सांगण्यातच क्लासचा बराच वेळ गेला. मास्तरांनी डोळे मिटून विचार केला आणि म्हणाले, सोलेआत दहावर येऊन पोचायचं, मग अकरा-बारावर जरा दम घ्यायचा. म्हणजे सम दहावर? नाही, पोचायचं दहावर. मग सुरुवात एकवर? सोलेआत हो, पण बुलेरियात, म्हणजे बारा मात्रांच्याच पण सुसाट प्रकारात, बारापासून मोजायला लागायचं. बारा, एक, दोन, तीन. आणि यात भर म्हणजे ही मंडळी अकरा-बारा म्हणतच नाहीत, दहा झाले की पुन्हा ‘उन, दोस’ म्हणतात, आणि त्यानंतर नवा फेरा सुरू होतो तो पण ‘उन, दोस’नेच. म्हणजे लागोपाठ दोनदा एक-दोन, त्यातला कुठला एक-दोन खरा ते तुम्ही ओळखायचं, आणि बुलेरियाच्या स्पीडला ओळखेपर्यंत बाकीचे लोक पुढच्या फेऱ्यात आठवर पोचलेले असतात.

त्यावर सेगिरिया नावाचा आणखी एक प्रकार. तिच्यातही जोर तेच, पण सुरुवात आठवरून, म्हणून ती बारात मोजायचीच नाही, पाचात मोजायची, त्यातले तिसरा आणि चौथा लांब आणि बाकीचे आखूड. मी म्हटलं, म्हणजे पाच मात्रा पण सारख्या नाहीत? मास्तर म्हणाले, सारख्या कशाला हव्यात?

आता नखं. उजव्या हाताची बोटं एकामागोमाग एक झटकून तारांवर उलगडायची, याला रास्गेआदो म्हणतात. त्यात साधी नखं पार फाटतात, म्हणून वाढवायची आणि त्यावर सुपरग्लूचा थर द्यायचा. खरंच, इथले गिटारवाले देतात. पण त्यांचं ठीक आहे, ते काट्याचमच्याने जेवतात. उजव्या हाताच्या त्या चिकट पिवळट नखांनी वरणभात कालवून बघा. आईने व्हिडिओ कॉलवर बघितलं. ‘अरे ही कसली नखं? एकाच हाताची? त्याच हाताने जेवतोस ना?’ मी सांगितलं कलेसाठी आहे. मागून बाबांचा आवाज आला, ‘नोकरी आहे ना अजून, विचार.’

आणि एवढं करून गाणं कुठलं शिकलास असं कुणी विचारलं तर उत्तरच नाही, कारण सोलेआ हे एक गाणं नाहीच. गाणाऱ्याकडे तीन-चार ओळींची कडवी पोत्याने असतात, त्यातलं कुठलं काढायचं ते तो बसल्यावर ठरवतो. मधे गिटारवाल्याने आपली एक फाल्सेता, म्हणजे गिटारचा स्वतंत्र तुकडा, वाजवायची, नाचणारी असेल तर तिने पायाने आवाज देऊन हाक दिली की सगळ्यांनी एकदम सावध व्हायचं. गाणारा ओळ ओढतो, मधेच सी वर चढून बसतो, आपण तिथे त्याच्याबरोबर चढायचं, तो श्वास कधी घेईल ते ताडायचं आणि तो उतरायला लागला की एफ, ई करत त्याला घरी सोडायचं. मास्तर म्हणतात, स्वतःची बोटं बघू नकोस, त्याचं तोंड बघ. मी तोंड बघितलं. तो इतक्या दुःखाने गात होता की मी वाजवायचंच थांबलो.

मग मास्तरांनीच सुचवलं की काही काळ गिटार बाजूला ठेव, टाळ्या शिक. पाल्मास. हे म्हणजे डिमोशनच, पण मी म्हटलं टाळ्यांत तरी आपण पक्के, आरत्या म्हणून म्हणून हात तयार आहेत. तोच प्रॉब्लेम झाला. हात सुटले की थेट भजनी ठेक्यावरच जातात. शेजारची सत्तरीची आज्जी, जिला हेरेसच्या बारमध्ये टेबलावर बोटांची पेरं आपटून बुलेरिया धरायची लहानपणापासूनची सवय, ती माझ्याकडे अशी बघायची की मी तिच्या घरात चपला घालून शिरलोय. मी एकदा रागाने म्हटलं, तो काहोन, ज्याच्यावर तुम्ही बसून बडवता तो लाकडी खोका, तो तर पेरूचा, पाको दे लुसिया या गिटारवाल्याने १९७० च्या दशकाच्या शेवटी फ्लामेंकोत आणला, तो चालतो आणि माझा भजनी ठेका नाही चालत? आज्जी म्हणाली, खोका तालात आहे.

टाळ्या दोन प्रकारच्या असतात, क्लारास म्हणजे बोटं तळव्यावर मारून कडकडीत, आणि सोर्दास म्हणजे दोन्ही तळवे खोलगट करून दबक्या आवाजातल्या. गाणारा हळू गात असेल तेव्हा सोर्दास. मला कायम सोर्दासवर ठेवलंय, गाणारा कितीही ओरडत असला तरी. मागच्या आठवड्यात आज्जीने माझे तळवे हातात घेतले, अजून थोडे खोलगट केले, दोनदा वाजवून बघितले आणि म्हणाली, अजून ऐकू येतंय.