दोन्ही पॅडल ओढून न्यूट्रल? चोर्ला घाटात हे चुकूनही करू नका

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतोय. त्यातले दावे असे: पॅडल शिफ्ट (स्टिअरिंगमागच्या गिअर बदलायच्या पट्ट्या) नुसती शोभेची, मॅन्युअल गाडीच जास्त पळते, डीसीटी (दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) आपल्या घाटांत टिकत नाही, आणि घाट उतरताना दोन्ही पॅडल एकदम ओढून गाडी न्यूट्रल करावी, पेट्रोल वाचतं, गिअरबॉक्सला आराम मिळतो. फोक्सवॅगनची नवी व्हर्टस जीटी घेतलेल्या भाच्याने तो पाठवून विचारलं, "मामा, हे खरं काय ओ?" अजिबात नाही. शेवटचा दावा तर जिवावर बेतणारा आहे, म्हणून आधी तोच.

दोन्ही पॅडल ओढायची गोष्ट हवेतून आलेली नाही. पोर्शेने 2013 च्या 911 जीटी3 या स्पोर्ट्स कारमध्ये ती सोय दिली होती: दोन्ही ओढून धरली की क्लच सुटतात. पण ती रेस ट्रॅकसाठी. तुमच्या गाडीतही तसं होत असेल, म्हणून ते चोर्ला घाटात, कणकुंबीच्या पुढच्या उतारावर करायचं असतं असं कुणी सांगितलं?

पेट्रोल वाचत नाही, उलट जळतं. इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अ‍ॅक्सिलरेटर सोडला की इंजिनला चाकंच फिरवतात आणि इंजेक्टर पेट्रोल बंद करतात. आरपीएम आयडलिंगच्या जवळ आले की पुरवठा परत सुरू होतो. न्यूट्रलमध्ये मात्र इंजिन चालू ठेवायलाच सतत पेट्रोल लागतं. डॅशबोर्डवर चालू मायलेजचा आकडा लावा आणि गिअरमध्ये असताना पाय काढून बघा, लगेच कळेल.

आणि ब्रेकचं काय? न्यूट्रलमध्ये इंजिनची पकड जाते, सगळा भार पॅड आणि डिस्कवर येतो. आधी जळका वास येतो, मग ब्रेक कमी लागतो. त्यानंतर ब्रेक ऑइल उकळतं. डॉट 4 ऑइल नवं असताना किमान 230 अंशांपर्यंत टिकायला हवं, पण ते हवेतला ओलावा शोषतं आणि मुरलेल्या ऑइलची मर्यादा 155 अंशांवर येते. वाफ दाबली जाते, त्यामुळे ब्रेकचं पेडल तळाला जातं आणि गाडी थांबत नाही. आपल्याकडच्या पावसाळी हवेत ब्रेक ऑइल दर दोन वर्षांनी बदला.

पॅडलचा खरा उपयोग इथेच आहे. उतार लागायच्या आधीच लिव्हर मॅन्युअल मोडवर घ्या. डी मध्ये ठेवून नुसतं पॅडल ओढलं तर थोड्या वेळाने गाडी परत ऑटोमॅटिकवर जाते. मग डावं पॅडल ओढून तिसरा, तीव्र उतारावर दुसरा. अ‍ॅक्सिलरेटर न देता वेग वाढत असेल तर आणखी एक गिअर खाली. आरपीएम मर्यादेबाहेर जाणार असतील तर गिअरबॉक्स तो गिअर घेतच नाही. गिअर वळणाच्या आधी बदला, कारण स्टिअरिंगसोबत पॅडलही फिरतात आणि हेअरपिन वळणावर डावं-उजवं उलटं होतं.

"मॅन्युअलच जास्त पळते" याला पोर्शेचेच आकडे पुरेत. 2021 च्या 911 जीटी3 ला 0 ते 100 साठी पीडीके गिअरबॉक्सने (पोर्शेचा डीसीटी) 3.4 सेकंद लागतात, मॅन्युअलने 3.9. कारण सरळ आहे: दोन क्लच असतात, पुढचा गिअर आधीच लागलेला असतो. मॅन्युअलचा कमाल वेग ताशी 320 किमी, पीडीकेचा 318, एवढंच काय ते मॅन्युअलच्या बाजूने. पॅडल शोभेची नाहीत, हे तर वर घाट उतरतानाच दिसलं.

डीसीटी टिकत नाही हे अर्धसत्य मात्र मान्य करावं लागतं. व्हर्टस जीटीच्या डीएसजीत (फोक्सवॅगनचा डीसीटी) कोरडे, म्हणजे ऑइलमध्ये न बुडालेले क्लच असतात. चढावरच्या ट्रॅफिकमध्ये अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी धरून ठेवली की ते घासतात, तापतात. पण मॅन्युअलमध्ये अर्धा क्लच दाबून उभं राहिलं तरी प्लेट अशीच जळते. फरक खर्चाचा आहे: मॅन्युअलची क्लच प्लेट बेळगावच्या उद्यमबागेतला चांगला मेकॅनिक बदलून देईल, ड्युअल क्लचला खास टूल लागतात आणि बिलही मोठं येतं. एवढ्यासाठी कुणी मॅन्युअल घेत असेल तर माझी ना नाही.

डीसीटी असेल तर चढावर ब्रेकने किंवा ऑटो होल्डने थांबा. पुढच्या गाडीमागे इंच-इंच सरकू नका, जागा झाली की एकदम निघा. गिअरबॉक्स तापल्याचा इशारा आला तर सुरक्षित जागी बाजूला घेऊन पी मध्ये टाका आणि इशारा जाईपर्यंत हलू नका.