भुताला माझी हरकत नाही

परवा रात्री आमच्या घरी राक्षस आला. महाएपिसोडमध्ये. जेवणं उरकली होती, सासूबाईंनी गुडघ्याला लावायला तेल कोमट करून घेतलं होतं, धाकटी मांडीवर गृहपाठाची वही उघडी टाकून टीव्हीत शिरली होती, आणि मी ओटा पुसता पुसता दारातून एक डोळा तिकडंच. मालिकेचं नाव लिहीत नाही. लिहिलं की निम्म्या कमेंट 'बघताच कशाला' म्हणून येतील आणि निम्म्या 'आम्हाला तर लई आवडते' म्हणून. माझं भांडण दोघांशीही नाही.

तर राक्षस. धुरातून उठला. शिंगं, लाल डोळे, पाठीला वटवाघळाचे पंख. गाव मराठी, पाटलाचा वाडा, दारात तुळस, आणि त्यात हा पंखवाला! सासूबाई वाटी खाली ठेवून म्हणाल्या, "हे कुठलं आणलेत गं? आपल्यात असलं नसतंय."

खरंच नसतंय. आपल्यात मुंजा असतो. मुंज झाली आणि सोडमुंज व्हायच्या आत गेला, म्हणून पिंपळावर बसलेलं पोरगं. बाळंतपणात गेलेली बाई असते, जिचा जीव मागं राहिलेल्या तान्ह्यात अडकलेला. विहिरीत साती आसरा, शिवेवर वेताळ. माझ्या आजीला गावातल्या एकूण एक भुताचा पत्ता ठाऊक होता, आणि कुणाचं काय राहून गेलंय तेही. ती भुतांना घाबरायची, पण त्यांच्याबद्दल बोलताना तिचा आवाज हळू व्हायचा, दुखण्यातल्या माणसाबद्दल बोलताना होतो तसा. अंधारात पिंपळाखालून जाताना ती म्हणायची, "लेकरा, जातो बरं आम्ही." मुंज्याला! ह्या टीव्हीवरच्या पंखवाल्याचं काय राहून गेलं होतं ते दीड तासात कुणी सांगितलं नाही. नुसता गुरगुरत होता.

आणि भुताच्या गोष्टीत आपण मराठवाड्याच्या लोकांनी कुणापुढं खाली बघायचं कारण नाही. आपल्या पैठणला सातवाहन राजाच्या पदरी गुणाढ्य नावाचा पंडित होता, अशी जुनी कथा आहे. राजाला संस्कृत शिकवण्याच्या पैजेत तो हरला आणि बोललेल्या शब्दाप्रमाणं संस्कृत, प्राकृत, देशी अशा तिन्ही भाषा सोडून रानात निघून गेला. तिथं पिशाचांची भाषा शिकला आणि त्या भाषेत सात लाख श्लोकांची बृहत्कथा लिहिली, तीही स्वतःच्या रक्तानं. राजानं भाषा हलकी म्हणून पोथी परत पाठवली. मग गुणाढ्यानं रानात अग्नी पेटवला आणि एकेक पान वाचून आगीत टाकत बसला. हरणं, डुकरं चारापाणी सोडून डोळ्यांत पाणी आणून ऐकत उभी. इकडं राजाच्या ताटातलं मांस सुकं लागायला लागलं, तेव्हा कुठं शोध घेतला. राजा धावत गेला तोवर सहा लाख जळून गेले होते. वाचलेल्या एका लाखाचीही मूळ पोथी आज नाही. पण त्याच कथेचं संस्कृत रूप म्हणून काश्मीरच्या सोमदेवानं अकराव्या शतकात कथासरित्सागर लिहिला, आणि विक्रमाच्या पाठीवरचा आपला वेताळ त्यात आहे. म्हणजे बघा, आपल्याकडं पिशाचाची भाषा शिकणारा माणूस होता. आणि पुढं हजार-दीड हजार वर्षांनी त्याच पैठणात नाथांनी भारुडात भूत नाचवलं. लिंबू-नारळाच्या उताऱ्याला दाद न देणारं भूत, आणि शेवटी ते निघतं कोण, तर सगळीकडं भरून राहिलेला देव.

विषय सोडून वाहवत गेले. पण माहेरचा अभिमान असतोच थोडा.

सांगायचं ते हे की भूत दाखवा, राक्षस दाखवा, रोज दाखवा, माझी काही हरकत नाही. भूत मेलेलं असतं. त्याच्यावर आळ घेतला म्हणून त्याचं पाणी कुणी तोडत नाही. माझी हरकत आहे ती त्या एपिसोडमधल्या दुसऱ्या बाईला. राक्षसाला बोलावणारी चेटकीण. ती मेलेली नसते. ती कुणाच्या तरी शेजारी राहत असते.

काय दाखवलं? वाड्याच्या मागं एकटी राहणारी म्हातारी. कपाळ पांढरं, केस मोकळे, एका डोळ्यात फूल पडलेलं. ती लिंबू कापते तर आतून लाल. काळ्या बाहुलीला टाचण्या टोचते. तिकडं वाड्यातल्या गायीचं दूध आटतं, तान्हं बाळ फणफणतं, सुनेच्या अंगावर काळे डाग उठतात. आणि हिरो, जो म्हणे शहरातून डॉक्टर होऊन आलाय, तो आधी हसतो आणि अर्ध्या तासानं हात जोडतो. शेवटी गाव मशाली घेऊन तिच्या झोपडीकडं निघतं, मागं ढोल, आणि पुढील भागात.

सुरुवातीला पाटी होती. मी मुद्दाम मागं नेऊन थांबवून वाचली. निर्मात्यांचा अंधश्रद्धा पसरवण्याचा हेतू नाही, निव्वळ मनोरंजन, वगैरे. अक्षरं मुंगीएवढी. केबल टेलिव्हिजनच्या 1994 च्या नियमांत साफ लिहिलंय की अंधश्रद्धेला प्रोत्साहन देणारा कार्यक्रम दाखवायचा नाही. पाटी लावली की नियमाचं तोंड बंद, असं समजतात बहुतेक.

हे सगळं मी गिळलंही असतं. पण दुसऱ्या दिवशी धाकटीला शाळेतून आणायला गेले. आमच्या शाळेच्या कोपऱ्यावर एक म्हातारी टोपलीत पेरू घेऊन बसते. वर्षानुवर्षं बसते. पेरूला चार चिरा देऊन त्यात तिखट-मीठ भरते आणि पोरांना ओळखीनं एखादी फोड फुकट देते. तिच्या एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय. तिनं नेहमीसारखी फोड धाकटीच्या हातावर ठेवली. पोरगी घेऊन गप चालत राहिली, आणि नालीजवळ आल्यावर हात नुसता उलटा केला. फेकलीसुद्धा नाही, पडू दिली. मग तळहात फ्रॉकला पुसला. मी विचारलं, "कामून गं?" तर म्हणाली, "आई, तिचा डोळा बघितलीस का तू?"

मी तिला रागावले नाही. रागवायला मला तोंड नव्हतं. का, ते आता लिहिते.

किल्लारीच्या भूकंपाच्या आदल्या वर्षीचा उन्हाळा, म्हणजे 1992. मी तेरा वर्षांची, आमचं गाव उदगीरच्या बाजूला. आमच्या गल्लीत एका घरी भानामती सुरू झाली. दोरीवरच्या कपड्यांना जळकी भोकं पडायची. झाकलेल्या पिठात शेण निघायचं. आणि त्या घरातली पोरगी, माझी मैत्रीण, चौदा वर्षांची, रोज सकाळी उठली की हातावर, पोटरीवर काळी फुली उमटलेली. बाजूला फोड आलेले. गल्ली बघायला लोटायची. आम्हा पोरींना तर सर्कस आल्यासारखं.

देवऋषी आणला. काळी कोंबडी, एकवीस लिंबं आणि वर पैसे. तो हुशार, नाव घेतलं नाही कुणाचं. राखेत रेघ ओढून म्हणाला, "उगवतीच्या घरातून आलंय. एकटी बाई हाय." आमच्या गल्लीत उगवतीला एकच घर होतं आणि त्यात एकटीच बाई होती. आम्ही तिला नुसतं आजी म्हणायचो. मग एकेकाला एकेक आठवायला लागलं. ती ताक मागायला आली त्या दिवसापासून म्हैस लाथ मारायला लागली. ती पोरीकडं टक लावून बघती. आणि सगळ्यात पक्का पुरावा, तिनं पोरीला काहीतरी खायला दिलं होतं.

म्हातारीचं पाणी बंद झालं. आडावर ती आली की बाया घागरी उचलून बाजूला होत. एकदा कुणीतरी तिची घागर दगड घालून चेपवली. मशाली वगैरे काही नव्हत्या हो. आमच्या आईनंच, जी मनानं वाईट बाई नव्हती, तिला ताक वाढताना तांब्या हातभर वर धरला, आणि ती गेल्यावर माझ्यावरून मीठ-मोहऱ्या उतरवून चुलीत टाकल्या. मोहऱ्या तडतडल्या. "बघ," आई म्हणाली, "किती होती."

आणि मला ठाऊक होतं.

मी मैत्रिणीच्या गोठ्यामागं शेळीला पाला आणायला गेले होते, तेव्हा बघितलं होतं. बिब्बा दाभणाला टोचून ती चिमणीच्या ज्योतीवर धरून बसली होती. तेल सुटलं की काडीनं पोटरीवर रेघ. एक आडवी, एक उभी. दात ओठांवर घट्ट. बिब्बा म्हणजे काय ते आपल्याकडं सांगायला नको. त्याची गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात जाते, परीट त्याच्या तेलानं कपड्यांवर खुणा करायचे, आणि तेच तेल कातडीला लागलं की फोड येऊन काळा डाग पडतो. तिनं मला बघितलं. मी तिला बघितलं. ती एवढंच म्हणाली, "माझी सोयरीक मोडू दे गं." तिला एका तिशीतल्या बिजवराला द्यायचं ठरलं होतं. झपाटलेली पोरगी कोण करून घेतंय?

मी कुणाला सांगितलं नाही. मैत्रिणीला वाचवलं, असं मला तेव्हा वाटलं, आणि आजही निम्मं तसंच वाटतं.

शेवटी शाळेतल्या बाईंनी हे सोडवलं. घरातल्या एकेकाला वेगळं बसवून बोलल्या. पोरीची काळी नखं त्यांना पहिल्याच दिवशी दिसली असणार. पण त्यांनी चारचौघांत फोडलं नाही. बापाला बाजूला घेऊन सांगितलं, पोरीचं लग्न चार वर्षं काढू नका, शिकू द्या, भानामती आपोआप जाईल. गेली. गावात झालं काय? देवऋष्याचा उतारा लागू पडला. पोरीची अब्रू राखायची म्हणून खरं कुणाला कळू दिलं नाही, आणि खरं कळलं नाही म्हणून म्हातारी चेटकीणच राहिली. तिच्या नावावर दीड एकर होतं. ते पुतण्यानं कसायला घेतलं आणि तिला लेकीकडं पोचवून आला. पुढच्या साली 30 सप्टेंबरला पहाटे जमीन हादरली, तेव्हा आमच्या गल्लीत कुणीतरी म्हणालं, म्हातारीचा तळतळाट.

त्या वेळी कायदा नव्हता. 20 ऑगस्ट 2013 ला पुण्यात डॉक्टर दाभोलकरांना गोळ्या घातल्या, त्यानंतर त्याच महिन्यात वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं जादूटोणाविरोधी कायदा केला. त्याखालची सुरुवातीची अटक आमच्या नांदेडातलीच, सप्टेंबर 2013 मधली, चमत्कारानं रोग बरे करायची जाहिरात करणाऱ्यांची. त्या कायद्याची अनुसूची कधी वाचा. एखादी व्यक्ती करणी करते, चेटूक करते, मंत्रानं गुरांचं दूध आटवते असं जाहीर करणं किंवा तसा समज पसरवणं हा गुन्हा. सहा महिने ते सात वर्षं कैद, पाच ते पन्नास हजार दंड. दूध आटवणं! शब्दसुद्धा तेच, एपिसोडमधले. कायदा लिहिणाऱ्यांनी गावं बघितली होती. मालिका लिहिणाऱ्यांनी बहुतेक दुसऱ्या मालिका बघितल्यात.

आता कुणी म्हणेल, ताई, गोष्ट आहे ती, गोष्टीत चेटकीण असणारच. असू द्या. पण एकदा तरी गोष्ट तिच्या झोपडीच्या आतून सांगा की. बाहेर ढोल वाजतोय, मशाली येताहेत आणि आत एका म्हातारीला कळत नाहीये की आपण केलं काय. पंखवाला राक्षस बघून मला हसू आलं होतं. हे बघून मी रात्री उठून दाराची कडी तपासली असती.

एपिसोडच्या दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉट्सॲपवर मेसेज आला. "काल बघितलीस का? चेटकीण काय भारी केलीय गं!" पाठवणारी तीच. माझी मैत्रीण. बाईंच्या शब्दाखातर शिकली, नोकरीला लागली, आता मुलगा इंजिनिअरिंगला आहे. मी उत्तरात 'बिब्बा' एवढाच शब्द टाइप केला. पुसला. परत टाइप केला आणि पाठवला. निळ्या खुणा आल्या. दिवसभर काही नाही.

रात्री तिचा फोन आला. मी म्हणाले, यावर लिहावं वाटतंय, नको असेल तर नाही लिहिणार. म्हणाली, "लिही. नाव नको टाकू." मग बराच वेळ कुणीच बोललं नाही. तिच्या घरात मागं टीव्ही चालू होता, कुठली तरी जाहिरात.

"चिंचोके," ती म्हणाली.

"काय?"

"म्हातारीनं मला काय खायला दिलं होतं म्हणून गाव पेटलं होतं ना. चिंचोके होते गं. भाजलेले. तव्यावरून काढून पदरात गार करून द्यायची."