उजव्या वळणावरचा बार

काल संध्याकाळी सात वाजून दहा मिनिटांनी सोसायटीच्या फाटकात माझ्या बाइकने बार काढला. वेळ मी पाहिली नव्हती. तळमजल्यावरच्या काकांनी ती वहीत टिपली आणि वही माझ्यापुढे धरली. सही करा म्हणे.

बाइक 2005 सालची, शंभर सीसी, कार्बोरेटरवाली. पुण्यात नळस्टॉपवरून रोज ऑफिसला नेते आणि परत आणते. गेला दीड महिना ती मधूनच फट्ट करते. हे ‘मधूनच’ म्हणजे खरा छळ. गॅरेजात नेली की शाळेत इन्स्पेक्टर आल्यावर सगळ्यात वांड पोरगं हाताची घडी घालून बसतं तशी बसते.

“आवाज कुठंय, साहेब?” मेकॅनिक.

“येतो. घराजवळ येतो.”

“मग गाडीला घर आवडत नसंल.”

आता बार का होतो, हे मलाही पाठ झालंय. सिलिंडरमध्ये न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातं आणि तिथं पेटतं. ते का जळलं नाही, यावर मात्र प्रत्येकाचं मत वेगळं आणि प्रत्येक मताचं बिलही वेगळं. प्लग बदलला. कार्बोरेटर साफ केला. टॅपेट सेट केले. सायलेन्सरच्या तोंडाशी हवा ओढत असेल म्हणून गॅस्केट बदललं. कार्बोरेटरमागचं रबर तडकलंय म्हणाला, म्हणून मी नाना पेठेत अर्धा शनिवार घालवून ते आणलं. एकूण 1,840 रुपये. त्याच संध्याकाळी फाटकात फट्ट.

तर काका. आयुष्यभर ऑडिट केलेला माणूस. वहीत पट्टीने आखलेले रकाने होते : अनुक्रमांक, दिनांक, वेळ, प्रत, शेरा.

“सही कशाला, काका?”

“नोंद मान्य आहे म्हणून.”

“आवाज तुम्ही ऐकलात ना?”

“ऐकला मी. केलात तुम्ही.”

“मी नाही हो, गाडीनं केला.”

“गाडी कोणाच्या नावावर आहे?”

मी गप्प.

“प्रत काय लिहू? मला मध्यम वाटला. सोमवारचा जोरदार होता. शेरा बघा, ‘दुसऱ्या मजल्यावरील बाळ उठले’.”

“मध्यमच लिहा,” मी म्हणालो. मार्कांसाठी बाईंकडे घासाघीस करावी तशा आवाजात. बेचाळीस वर्षांचा माणूस मी.

आणि खरं सांगतो, मला राग आला तो इथं. याच रस्त्यावरून रात्री अकरानंतर एक शूर वीर मुद्दाम फटाके वाजवणारा सायलेन्सर लावून जातो. पोलीस मधूनमधून असले सायलेन्सर जप्त करून त्यांच्यावरून रोडरोलर फिरवतात, पेपरात फोटो येतो, आठवड्यानं आवाज पुन्हा सुरू. त्याच्या नावाची वही नाही. मी पंधरा वर्षं झाल्यावर पुनर्नोंदणी केली, पर्यावरण कर भरला, पीयूसी वेळेवर काढतो, आणि सही माझी. जुनी गाडी वापरणारा माणूस गरीब तरी असतो किंवा चिकट तरी, असं लोकांचं ठरलेलंच असतं. गाडी चांगली चालते म्हणून वापरतो, हे कोणाला पटत नाही.

काकांनी पानं मागे उलटली. “तेवीस नोंदी. सगळ्या तुम्ही येतानाच्या. जातानाची एकही नाही.”

“सकाळी इंजिन थंड असतं,” मी तज्ज्ञासारखा म्हणालो.

“मंगळवारी दुपारी जेवायला आलात. वीस मिनिटांत परत गेलात. इंजिन तापलेलं होतं. येताना नोंद आहे, जाताना निरंक.” त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “येताना तुम्ही फाटकात उजवीकडे वळता. जाताना डावीकडे.”

मी वर गेलो. जेवलो. साडेदहाला चोरासारखा खाली येऊन पार्किंगमध्ये गाडी चालू केली आणि हँडल उजवीकडे फिरवलं. इंजिन क्षणभर अडखळलं. फट्ट. तळमजल्यावरचा दिवा लागला. चोविसावी नोंद.

आज सकाळी मेकॅनिकनं हेडलाइट उतरवला. किल्लीच्या स्विचकडून येणारी एक वायर हँडलच्या मानेपाशी घासून सोलली होती. हँडल उजवीकडे गेलं की उघडं तांबं चासीला टेकायचं, आणि किल्ली बंद केल्यासारखी ठिणगी थांबायची. गाडी चालतीच असल्यामुळे इंजिन पेट्रोल ओढतच राहायचं. ते तसंच सायलेन्सरमध्ये, आणि ठिणगी परत आली की बार. काळी टेप गुंडाळली. साठ रुपये. “हे आधी सांगायचं ना, साहेब, वळताना होतं म्हणून,” हेही वर ऐकवलं. त्या 1,840 चा विषय मी काढला, तर त्याला नेमका फोन आला.

संध्याकाळी फाटकात अगदी हळू वळलो. काही नाही. काका वही घेऊन उभेच होते. मला वाटलं, अभिनंदन करतील. त्यांचा चेहरा सिरियल बंद पडल्यासारखा झाला.

“वायर होती,” मी म्हणालो. “तुम्ही म्हणालात तसंच.”

त्यांनी माझ्याच खिशातलं पेन काढून घेतलं, प्रतीच्या रकान्यात ‘निरंक’ लिहिलं आणि शेऱ्यात ‘दोषाचे निदान सोसायटीतील ज्येष्ठ सभासदाने केले’.

“सही?”

केली. पेन अजून त्यांच्याकडेच आहे.