स्विफ्टनं पोरं खायला सांगितलं नव्हतं, तो फॉरवर्ड आता थांबवा

परवा फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड आला. ‘इंग्रजांचा महान लेखक जोनाथन स्विफ्ट म्हणायचा, आयर्लंडच्या गरिबांची पोरं कापून खा! माणसांचा द्वेष करायचा, शेवटी स्वतःच काढलेल्या वेड्यांच्या हॉस्पिटलात मेला. आणि आपण मुलांना त्याचा गलिव्हर वाचायला देतो.’ एरवी मी असलं उघडतही नाही, पण भाची एफवायबीएला आहे, स्विफ्टवरच प्रोजेक्ट करतेय, रात्री तिचा फोन, मावशी, विषय बदलू का गं? डोकंच फिरलं माझं.

पोरं खाण्याचं आधी घेते. हे १७२९ च्या ‘अ मॉडेस्ट प्रपोजल’मधलं, डब्लिनमध्ये लेखकाचं नाव न घालता छापलेली छोटीशी पुस्तिका. त्यात बोलतोय तो स्विफ्ट नाही, त्यानं उभा केलेला एक हिशेबी गृहस्थ आहे. वर्षाला गरिबांची १,२०,००० पोरं, त्यातली २०,००० पैदाशीला ठेवायची, उरलेली १,००,००० वर्षाची झाली की विकायची, धष्टपुष्ट पोराला १० शिलिंग कोणीही देईल, असं तो अगदी थंडपणे मांडत जातो आणि वाचताना अंगावर काटा येतो, तो यायलाच हवा म्हणून तर लिहिलंय. तेव्हा आयर्लंडमध्ये पिकं बुडालेली, लोक उपाशी, आणि जमीनदार खंड वसूल करून लंडनमध्ये राहणार. त्यातलं एक वाक्य साधारण असं आहे: हे मांस महाग पडेल, म्हणून ते जमीनदारांनाच शोभेल, आईबापांना त्यांनी आधीच खाऊन टाकलंय तेव्हा पोरांवरही पहिला हक्क त्यांचाच. आता सांगा हा माणूस कोणावर तुटून पडलाय? गरिबांवर?

आणि शेवटाकडे तो गृहस्थ म्हणतो, दुसरे उपाय मला सांगूच नका, बाहेर राहणाऱ्या जमीनदारांवर कर, देशातलंच कापड वापरणं, कुळांना थोडी तरी दया. हे ‘नको असलेले’ उपाय म्हणजेच स्विफ्टचं खरं म्हणणं. १७२० मध्ये त्यानं उघडपणे लिहिलं होतं की आयरिश कापड वापरा, तर छापणाऱ्यावर खटला भरला. फॉरवर्ड करणाऱ्यानं मूळ लेख वाचलेला नाही हे इथेच कळतं, तो काही मोठा नाही, तासाभरात वाचून होतो.

बाकीचं पटकन. इंग्रज म्हणाल तर आईबाप इंग्रज, पण जन्म डब्लिनचा, १६६७ चा, आणि १७१३ पासून तिथल्याच सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन, म्हणजे तिथला मुख्य धर्मगुरू. १७२४ मध्ये वुड नावाच्या इंग्रज माणसाची तांब्याची नाणी आयर्लंडच्या गळ्यात मारत होते, तेव्हा यानं ड्रेपियर या टोपणनावानं त्याविरुद्ध पत्रं लिहिली, सरकारनं लेखकाचं नाव सांगणाऱ्याला ३०० पौंड बक्षीस लावलं, सगळ्या डब्लिनला माहीत होतं पण कोणी नाव दिलं नाही आणि पुढच्या वर्षी ती नाणी मागे घ्यावी लागली.

माणसांचा द्वेष करायचा हे स्विफ्टनं कवी अलेक्झांडर पोपला लिहिलेल्या पत्रातून उचललंय, पण अर्धंच वाक्य. पुढचं अर्धं असं आहे की जॉन, पीटर, थॉमस अशा एकेकट्या माणसावर मात्र माझा मनापासून जीव आहे.

वेडाचं म्हणाल तर अर्धं खरं, १७४२ मध्ये त्याचा कारभार त्याला सांभाळता येत नाही असं ठरवलं गेलं. पण तरुणपणापासून त्याला चक्कर आणि बहिरेपणाचा त्रास होता, कानाचा आजार तो. गेला १७४५ मध्ये, आणि ते हॉस्पिटल त्याच्या मृत्युपत्रातल्या पैशातून १७५७ मध्ये उघडलं. म्हणजे मेल्यावर बारा वर्षांनी तिथे जाऊन मेला का? मानसिक रुग्णांसाठी जवळपास सगळी मिळकत देऊन गेलेल्या माणसाला ‘वेडा’ म्हणून हिणवताय, आणि ते हॉस्पिटल डब्लिनमध्ये आजही चालू आहे.

एक मात्र मान्य करावं लागेल, जिवावर येतंय तरी. भिकाऱ्यांबद्दल तो कडक होता, त्यांना बिल्ले लावा आणि बाहेरगावच्यांना शहरातून हाकला असं त्यानं १७३७ मध्ये लिहिलंय, आणि ते त्याचंच म्हणणं आहे, तिथे बोलायला कोणी हिशेबी गृहस्थ नाही. भाचीला म्हटलं, हेही प्रोजेक्टमध्ये घाल, लपवू नकोस, पण विषय बदलायचा नाही.